हलकी गाडी हलकीच राहू द्या!

इंजिनीअरिंगच्या पोराच्या हातात गाडी आली की दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे तो आपल्या गाडीला नाव ठेवतो आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना नावे ठेवतो. दुसरी गोष्ट, महिन्याभरात तो पाना घेऊन तिच्यात 'सुधारणा' करायला बसतो. त्यात गाडी जर डोंगरात जाणारी असेल तर विचारूच नका! आधी क्रॅश गार्ड, मग दिवे, मग पेट्या, मग सायलेन्सर… आणि शेवटी असा एक उंट तयार होतो, जो कॉलेजच्या गेटवर भारी दिसतो पण ओल्या चढावर मालकासकट आडवा होतो.

हा लेख त्या उंटाविषयी आहे. म्हणजे खरे तर तो होऊ न देण्याविषयी.

ही गाडी नक्की कोणती?

जी गाडी नंबर प्लेट, आरसा, इंडिकेटर लावून कायदेशीरपणे डांबरी रस्त्यावर चालते आणि तशीच पुढे शेताच्या वाटेला, नदीच्या पात्रात, मुरमाच्या चढावर उतरू शकते, ती ड्युअल स्पोर्ट. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या अशा गाड्या मुळातच थोड्या. २०११ मध्ये हीरोची १५० सीसीची इम्पल्स आली. ती काळाच्या थोडी आधीच आली असे म्हणायचे. मग २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली, २०२१ मध्ये तिला चार व्हॉल्व्हचे इंजिन मिळाले आणि २०२५ मध्ये वॉटर-कूल्ड एक्सपल्स २१० आली. २०१६ ची रॉयल एनफील्ड हिमालयनही याच वाटांवर जाते, पण ती पहिल्यापासूनच १८० किलोच्या पुढची. आपला विषय हलक्या गाडीचा, म्हणून मी उदाहरणाला चार व्हॉल्व्हची एक्सपल्स २०० घेतो. आपल्या आजूबाजूला सेकंडहँड मिळते ती बहुधा हीच.

तिचे आकडे पाहा. १९९.६ सीसी, सुमारे १९ पीएस ताकद, वजन १५८ किलो. पुढच्या सस्पेन्शनचा प्रवास १९० मिमी, मागचा १७० मिमी, जमिनीपासून उंची २२० मिमी. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची, दोन्ही स्पोकची.

२१ इंची चाक कशाला? फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला रोलर आणि ठोकळ्याचा प्रश्न आठवा. R त्रिज्येचे चाक h उंचीच्या दगडावर चढवायला अक्षावर आडवे बल लागते W गुणिले टॅन थीटा, आणि कॉस थीटा म्हणजे (R − h) भागिले R. आता ९०/९०-२१ टायरची बाहेरची त्रिज्या येते सुमारे ३४८ मिमी, तर १७ इंची चाकावरच्या १००/८० टायरची सुमारे २९६ मिमी. दगड १०० मिमीचा धरला तर मोठ्या चाकाला बल लागते ०.९८ W आणि लहान चाकाला १.१३ W. म्हणजे त्याच दगडाला लहान चाकाला सुमारे १५ टक्के जास्त ढकलावे लागते! ज्या गणिताचे आपण दहा मार्क घेऊन विसरलो, ते या गाडीच्या पुढच्या चाकात फिरते आहे.

उंच मडगार्डचेही तसेच. ते दिसायला नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतवाटेवरून एकदा जाऊन या, मग कळेल. टायरला चिकटलेला चिखल खालच्या मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचेच थांबते.

पहिला आणि शेवटचा नियम: किलो

मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच की या गाडीचे भांडवल ताकद नाही, हलकेपणा आहे. १९ पीएसमध्ये आपण कोणाला मागे टाकणार नाही. पण १५८ किलोची गाडी आडवी झाली तर एकटा माणूस तंत्र वापरून उभी करू शकतो, आणि जंगलात हेच महत्त्वाचे.

हिशेब करू. गाडी १५८ आणि बूट-हेल्मेटसह चालवणारा ७० किलो, मिळून २२८. आता क्रॅश गार्ड, लोखंडी कॅरिअर, दोन पेट्या, दिवे आणि पेट्यांतले सामान असे मिळून २५ किलो चढवले धरा. झाले २५३. दर किलोमागे मिळणारी ताकद आता जेवढी उरते, ती मूळ वजनाच्या गाडीत १७.२ पीएसचे इंजिन बसवल्यासारखी. दोन घोडे आपण नुसते लोखंड वाहायला लावले! शिवाय ब्रेक तेच, स्प्रिंग त्याच, आणि आडवी गाडी उचलणारी कंबरही तीच.

म्हणून माझी पद्धत साधी आहे. कोणताही भाग लावण्याआधी तो काट्यावर ठेवायचा. भंगारवाल्याचा काटा चालतो, किराणा दुकानाचा तर उत्तमच. वजन वहीत लिहायचे आणि स्वतःला विचारायचे, "हा भाग मला घरी परत आणणार आहे का?" उत्तर 'नाही, पण छान दिसतो' असे आले तर पैसे खिशात.

फुकटातले मॉडिफिकेशन

सगळ्यात उपयोगी बदलांना पैसे लागत नाहीत. कच्च्या रस्त्यावर ही गाडी उभे राहून चालवतात. 'उभे राहिले की गुरुत्वमध्य खाली येतो' असे पोरे छातीठोक सांगतात, ते चूक आहे. माणूस उभा राहिला की गुरुत्वमध्य वरच जाणार! खरे कारण वेगळे. उभे राहिल्यावर गुडघे आणि घोटे हे दुसरे सस्पेन्शन होतात. खालची गाडी डावी-उजवी, वर-खाली नाचते आणि आपले ७० किलो तिच्याबरोबर नाचत नाहीत.

पण गाडी कारखान्यातून येते ती बसून चालवायला जुळवलेली. म्हणून मुख्य बदल इथे. फूटरेस्टवर उभे राहा, हात हँडलवर सहज ठेवा. ब्रेक आणि क्लच लिव्हरपर्यंत बोटे नेताना मनगट वर मोडत असेल तर लिव्हरचे क्लॅम्प ढिले करून ते थोडे खाली फिरवा. मागच्या ब्रेकचे पेडल बुटाच्या पातळीला आणा. फूटरेस्टवर निघणारे रबर असेल तर पावसाळ्यात काढून ठेवा, खालचे दाते बुटाला धरतात. एवढे करूनही वाकावे लागत असेल तरच हँडल रायझरचा विचार करा, आणि तेव्हा केबल व ब्रेकचा पाइप दोन्हीकडे पूर्ण वळवून ताणले जात नाहीत ना ते बघा.

दुसरे फुकट काम म्हणजे 'सॅग' मोजणे. मागचे चाक अधांतरी करा आणि चाकाच्या अक्षापासून वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने अंतर मोजा. मग पूर्ण तयारीनिशी गाडीवर बसा, एकाने गाडी धरायची आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचे. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. एकूण प्रवासाच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे १७० मिमीला साधारण ५५ मिमी, असावा. जास्त येत असेल तर प्रीलोड वाढवा, कमी येत असेल तर घटवा. मात्र प्रीलोडने स्प्रिंग कडक होते हा गैरसमज आहे. F = kx मधला k तोच राहतो, फक्त गाडी उभी राहते ती उंची बदलते. सामान इतके वाढले की प्रीलोड पूर्ण पिळूनही गाडी बसतेच, तर दोष सामानाचा.

आणि उंची वाढवायचा मोह? २०२३ च्या प्रो मॉडेलमध्ये सस्पेन्शनचा प्रवास २५० आणि २२० मिमी आहे, पण सीटची उंचीही साधारण ८२५ वरून ८९१ मिमीवर जाते. ज्याचे पाय टेकतात त्याने खुशाल घ्यावी. आमच्यासारख्या सरासरी उंचीच्या माणसाला निसरड्या चढावर एक पाय टेकता येणे हेच मोठे सस्पेन्शन आहे.

काय तुटले तर गाडी थांबते?

संरक्षण कशाचे करायचे हे ठरवायला हा एकच प्रश्न पुरतो. इंडिकेटर तुटला तर गाडी चालते. आरसा फुटला तरी चालते. क्लचचा लिव्हर मुळापासून तुटला, गिअरचे पेडल वाकून केसिंगवर बसले किंवा इंजिनचा तळ दगडाने फुटून ऑइल सांडले, तर गाडी चालत नाही.

मागच्या पावसाळ्यात आम्ही चौघे वेल्ह्याच्या पुढे मढे घाटाकडे गेलो होतो. चौघांत सगळ्यात सजलेली गाडी ज्याची, तीच शेवाळलेल्या कातळावर घसरली. वेग चालण्याएवढा, त्यामुळे पोराला काही झाले नाही. दिवे शाबूत, क्रॅश गार्ड शाबूत, पण क्लचचा लिव्हर गायब! बुंध्याशी जेमतेम बोटभर तुकडा उरलेला. मोबाइलला रेंज नाही, पाऊस सुरू आणि पुढे चढ. सुदैवाने एकाच्या टूलकिटमध्ये जास्तीचा लिव्हर होता. दहा मिनिटांत तो बसला आणि आम्ही उजेडात परत आलो. त्या लिव्हरची किंमत त्या दिव्यांच्या किमतीपुढे सुपारीएवढी होती. सगळा लेख विसरलात तरी ही दहा मिनिटे लक्षात ठेवा.

म्हणून पहिला विकत घ्यायचा भाग म्हणजे हँडगार्ड, आणि तोही आत धातूची पट्टी असलेला, हँडलला दोन टोकांना बसणारा. नुसते प्लॅस्टिक वारा अडवते, दगड नाही. दुसरी युक्ती फुकटच: लिव्हरच्या क्लॅम्पखाली हँडलवर प्लंबरची टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि क्लॅम्प हाताने जोर लावल्यावर फिरेल इतपतच आवळा. पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो. इंजिनखालची प्लेट मूळची पातळ वाटली तर जाड अ‍ॅल्युमिनिअमची घ्या, पण ऑइल काढायचा नट तिच्यातून गाठता यायला हवा. धुताना तिच्या आतला चिखलही काढत जा. तो तिथेच वाळला की इंजिनभोवती खेळणारी हवा अडते.

मोठ्या पाइपचा क्रॅश गार्ड मात्र दोनदा विचार करून घ्या. रुंद गार्ड अरुंद वाटेत दगडाला अडकतो आणि सगळा धक्का फ्रेमच्या बोल्टवर नेतो. घ्यायचाच तर अंगालगतचा आणि हलका.

टायर, ट्यूब आणि पंप

स्पोकचे चाक दगडावर आपटले की वाकते, आणि वाकलेले ताणून सरळ करता येते. अलॉयला तडा गेला की खेळ खलास. पण साध्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते, त्यामुळे ट्यूबलेसचे किट इथे उपयोगाचे नाही. चाक काढता आलेच पाहिजे. बरोबर हवे: अक्षाच्या नटाचा पाना, टायर उचकटायच्या दोन-तीन पट्ट्या, ठिगळे, सोल्युशन, छोटा पंप आणि २१ इंची एक ट्यूब. वेळ आली तर पुढची ट्यूब मागच्या चाकात घालूनही गावापर्यंत येता येते, उलटे मात्र जमत नाही. गाडीला मेन स्टँड नसतो, तेव्हा साइड स्टँड आणि एक मजबूत दांडके यांवर गाडी तोलायची तालीम पार्किंगमध्येच करून ठेवा. भर पावसात शिकायचा हा विषय नव्हे.

कच्च्यावर हवा थोडी कमी केली की टायर दगडाभोवती बसतो आणि पकड वाढते. पण फार कमी केली तर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटून सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. आणि डांबरीवर परत येताच हवा मॅन्युअलमध्ये लिहिली आहे तेवढी भरायचीच, म्हणून पंप हवा. मोठ्या गुट्ट्यांचे टायर चिखलात उत्तम, पण ओल्या डांबरावर त्यांचा रस्त्याला टेकणारा भाग कमी असतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. रोज हायवेने कॉलेजला येणाऱ्याने मधल्या प्रकारचे टायरच घ्यावेत.

एक दात कमी

'पिकअप वाढवायचा' सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान करणे. समजा पुढे १३ आणि मागे ४० दात आहेत. गुणोत्तर ३.०८. पुढे १२ केले तर ३.३३. चाकाला मिळणारा टॉर्क सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि त्याच आरपीएमला वेग तेवढाच घटला. तीव्र चढावर क्लच जाळत बसावे लागत नाही, हा फायदा. हायवेवर इंजिन जास्त ओरडते, पेट्रोल जास्त जाते आणि लहान चक्रावर चेन जास्त वाकून लवकर झिजते, हा तोटा. मागे तीन दात वाढवले तरी परिणाम जवळपास हाच, चेनही कमी वाकते, पण कदाचित चेन लांब लागते. फुकट काहीच नाही, ऊर्जेच्या नियमाला कॉलेजच्या पोरांची सवलत नसते!

सामान: खाली, पुढे आणि मऊ

चाकांच्या दोन अक्षांतले अंतर १४१० मिमी. मागच्या अक्षाच्या २५० मिमी मागे १५ किलोची पेटी टांगली, तर मोमेंट घेऊन बघा: पुढच्या चाकावरचे वजन सुमारे २.७ किलोने कमी होते आणि मागच्यावर १७.७ किलो वाढते. चढावर पुढचे चाक आधीच हलके असते, त्यात ही भर. म्हणून जड वस्तू (हत्यारे, पाणी, ट्यूब) शक्य तितक्या खाली आणि सीटजवळ बांधा, हलक्या वस्तू मागे. कडक पेट्यांपेक्षा दोन्ही बाजूंना टांगायच्या कापडी बॅगा बऱ्या. कारण घसरताना आपण पाय खाली टाकतो, आणि मागून येणारी पेटी पोटरीवर बसते. कापडी बॅग माफ करते.

टाकी १३ लिटरची, म्हणजे भरल्यावर जवळपास साडेनऊ किलो पेट्रोल. एका दिवसाच्या वाटेला अर्धी टाकी पुरत असेल तर तोही एक हलकेपणा!

दिवे आणि आवाज

२० वॉटचे दोन दिवे म्हणजे ४० वॉट, १२ व्होल्टला सुमारे ३.३ अँपिअर. बॅटरीवरून ५ अँपिअरचा फ्यूज आणि रिले घालूनच जोडा, रिलेचा इशारा इग्निशननंतरच्या वायरवरून घ्या. हेडलाइटची वायर सोलून पीळ मारणे हा इलेक्ट्रिकल शाखेचा अपमान आहे. आणि घाटात समोरच्याला आंधळे करणारे दिवे सार्वजनिक रस्त्यावर बंदच ठेवा, तो दरीच्या बाजूने येत असतो.

सायलेन्सरबद्दल स्पष्टच बोलतो. हलका सायलेन्सर दोन-चार किलो वाचवतो हे खरे. पण बीएस-६ गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर मिळून एक यंत्रणा असते. ती उखडून वर नुसता आवाज बसवला की ताकद वाढतेच असे नाही, धूर मात्र वाढतो. कायद्याचे सांगायचे तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. प्रत्येक बदलामागे, हे दोनदा वाचा.

पण माझ्या मते दंडापेक्षा मोठे नुकसान वेगळे आहे. आपण जातो त्या वाटा कोणाच्या तरी आहेत. गुरे वळणाऱ्या म्हाताऱ्या बाबांच्या, डोक्यावर हंडा घेऊन येणाऱ्या मावशींच्या. चार गाड्या फटफटत गेल्या, गुरे बिथरली की पुढच्या रविवारी वाटेवर काटेरी फांद्या पडलेल्या असतात, आणि त्यांचे काही चूक नाही. गाडी हळू घ्या, समोर माणूस दिसला की थांबा, "काका, इकडून वाट आहे का?" असे विचारा. बहुतेक वेळा वाटही मिळते आणि पाणीही. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका आणि सड्यांवर चाक उतरवू नका. तिथल्या कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि पावसाळी फुलांचे सगळे आयुष्य त्या थरात असते. कास पठारासह पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा झाला, पण ज्यांना यादीत नाव मिळाले नाही ते सडेही तेवढेच नाजूक आहेत.

मग पैसे कुठे घालायचे?

माझा क्रम असा. आधी आयएसआय शिक्क्याचे चांगले हेल्मेट, घोटा झाकणारे बूट, गुडघे-कोपरांचे गार्ड आणि हातमोजे. गाडीचे सगळे भाग दुकानात मिळतात, घोटा मिळत नाही. मग हत्यारे, ट्यूब, पंप, जास्तीचे लिव्हर, क्लच केबल, थोडे केबल टाय आणि एम-सील. मग धातूचे हँडगार्ड. मग इंजिनखालची प्लेट. मग जुने झिजल्यावर योग्य टायर. इथपर्यंत येऊनही पैसे उरले, तर कृपा करून ते पेट्रोलमध्ये घाला. दर रविवारी मोकळ्या मैदानावर आठचा आकडा काढा, उभे राहून हळू चालवा, मागचा ब्रेक कुठे सुटतो ते पायाला शिकवा.

तेवढे झाल्यावर पुन्हा दुकानाच्या काचेसमोर उभे राहा. बघा, अर्ध्या वस्तू आता लागतच नाहीत असे वाटेल. डोंगर चढायला निघालेल्या माणसाने पाठीवर कमी घ्यावे हे आपल्याला ट्रेकमध्ये कळते. गाडीलाही तेच लागू आहे, फक्त तिला बोलता येत नाही.